कारकून तोच ना

—नाही, आत जायचं नाही. जे काय बोलायचं ते इथेच बोला, आणि हळू बोला, हे आत झोपलेत. दुपारचं जरा पडतात, तेवढाच काय तो आराम — नाही, मी उठवणार नाही, तुम्ही कितीही लांबून आला असाल. आम्ही काही आमंत्रण धाडलं नव्हतं. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, ह्या बसा. आणि ते कागद मांडीवरच असू द्या, टेबलावर माझे कपडे पडलेत, घड्या व्हायच्यात अजून. हां, तर काय म्हणालात? गाव चुकलं. असं दारात उभं राहून एकदम. ना नमस्कार ना चमत्कार, गाव चुकलं म्हणे. उचलली जीभ लावली टाळ्याला.

चुकलं हे ठरवलं कोणी? तुम्हीच ना? मग झालं तर. मला काही नवीन नाहीत हो तुमच्यासारखे. बसच्या तिकीट खिडकीवर उभा जन्म काढलाय मी — चुकीच्या गाडीत स्वतः चढायचं आणि खिडकीशी येऊन माझ्या नावाने शंख करायचा, रोजचं होतं ते. आणि ह्यांच्याकडे येणारे तर त्याहून वरताण. गाव सोडून गेलेल्यांच्या जुन्या नोंदवहीतल्या पानाचा फोटो पाठवायचा — पणजोबाचं नाव लागतं, वय लागतं, बापाचं नाव लागतं, आणि गावाच्या रकान्यात पाहावं तर नुसत्या मुंग्या. की मग, सर, तेवढं गाव वाचून द्या, आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही आम्ही मूळचे कुठले. सर बसतात. चारचार दिवस बसतात. मनासारखं गाव निघालं की आभार म्हणून एक फुलांचं चित्र येतं, तेही कोणीतरी त्यांना पाठवलेलं, पुढे ढकललेलं. आणि मनासारखं नाही निघालं की भांडण. एक गृहस्थ होते, त्यांना आपले पूर्वज किल्ल्याच्या गावचे हवे होते. ह्यांनी वाचलं ते निघालं शेळ्यांच्या वाड्यावरून नाव पडलेलं कुठलंसं खेडं. अर्धा तास फोनवर कडाकडा भांडत होते. शेवटी मी घेतला फोन आणि म्हटलं, अहो, शेळ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? तेव्हापासून त्यांचा फोन नाही.

तर तुमचंही तसंच काहीतरी असणार. नाही? मग कसं आहे? वाचणं म्हणजे तुम्हाला काय वाटतं, भिंग धरलं आणि वाचलं? आमचे हे पाणीखात्यात नकाशे काढायचे, रेघेची पारख आहे त्यांना. त्यांचं म्हणणं, अक्षर मागाहून, आधी कारकून वाचायचा. त्या टेबलाशी कोण बसला होता, घाईत होता का, टाक फाटलेला होता का, समोरच्या माणसाची भाषा त्याला कळत होती का. ते सगळे कारकून कधीच मेलेत, त्यांची नावंही कुठे नाहीत, पण ह्यांनी एकेकाला नावं ठेवलीत. एक शेपटे आहेत — शब्द संपला की खाली लांबलचक शेपूट ओढणार, उगाचच, शोभेला. ती बघायची नाही, सोडून द्यायची. एक काटकसरे आहेत — शाई जशी काही सासऱ्याने आंदण दिलेली, एक रेघ म्हणून जास्तीची काढायचे नाहीत. त्यांनी काढली म्हणजे ती कामाचीच. एक डागे आहेत, त्यांचं काय ते नावावरून कळतंच. ह्या घरात त्या मेलेल्यांची जेवढी चर्चा झाली ना, तेवढी माझ्या माहेरच्यांची नाही झाली. हे म्हणायचे, आज शेपट्यांची तब्येत बरी नव्हती वाटतं, हात कापलाय. मी म्हणायची, मग जा, बघून या.

हसू नका. मी रागावलेय.

हं, सांगा, कसं चुकलं ते. दगडाची खाण नाही तिथे? एवढंच? तुमच्या आईचे आजोबा सांगायचे की अंगणात उभं राहिलं की दिवसभर छिन्नीचा आवाज यायचा — आणि ह्यांनी सांगितलं ते नदीकाठचं गाव, तिथे बघावं तर सगळी गाळाची जमीन, पायाचा दगडसुद्धा बाहेरून आणतात, असं तिथल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. बरं. म्हाताऱ्यांना काय विचारता? म्हाताऱ्यांना काल काय जेवले ते आठवत नाही. खाणी बुजतात. आजोबा बाता मारतात. सगळ्यांचेच आजोबा मारतात. त्या आजोबांनी अंगणसुद्धा होतं की नव्हतं कोणी बघितलंय?

आईंनाही नेलं होतं तुम्ही. गुडघे धड नसताना. त्या खाली बसल्या, माती हातात घेतली, रुमालात बांधली. बरं मग? आणि मग तो म्हातारा आला आणि म्हणाला, बाई, ह्या नावाचं घराणं इथे कधीच नव्हतं. आणि आता तो रुमाल त्या उशाशी ठेवतात, गाठ सोडत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत, आणि विषय काढला की भिंतीकडे तोंड करतात. ऐकलं मी. कान आहेत मला. पण मी म्हणते, रडल्या ना तिथे पोटभर? मग रडणं काही वाया जातं का? माती ती माती. गाव हे का ते, ज्यांना भेटायचं होतं ते तिथेही नाहीत आणि इथेही नाहीत.

हे मी बोलायला नको होतं. आई आहेत तुमच्या. पण तुम्हीही घरी येऊन असं एकदम बोलायला नको होतं, ह्यांची झोप चालू असताना, ज्यांनी तुमच्यासाठी एवढं — तुम्हाला माहितीय का, त्या एका नावावर आम्ही चार सकाळी घालवल्यात. चहा गार झाला, कामवाली बेल वाजवून वाजवून परत गेली, पण आम्ही उठलो नाही. मी स्वतः एकेक रेघ त्यांच्या हातावर काढून दिली, हे म्हणायचे परत काढ, मी परत काढायची, बोट दुखून यायचं माझं—

काय? हातावर काय? कुठे काय म्हणाले मी?

म्हणाले असेन. झालं आता. दिसत नाही त्यांना. घ्या, कळलं? आता जा आणि सगळ्यांना कळवा, तो तुमचा गावं शोधणाऱ्यांचा ग्रुप आहे ना, त्याच्यावर टाका. मधलं गेलंय सगळं, कडेकडेचं तेवढं दिसतं. माझ्याकडे बघितलं तर माझे कान दिसतात म्हणतात, तोंड नाही. मी म्हटलं, मग फार काही गमावलं नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणारं नाही, आहे ते जपा. जपा म्हणजे काय डोंबल करायचं माणसाने? घरी आले आणि भिंग उचलून खणात ठेवलं. दिवसच्या दिवस खिडकीशी बसून. ताटात काय वाढलंय विचारायचे नाहीत, पुढ्यात येईल ते गिळायचे. मुलाचा फोन आला तर म्हणतो, बाबांना रेडिओ लावून दे. रेडिओ. मोठा शहाणा. आणि इकडे लोकांची पानं येताहेत, सर एवढं बघा, सर तेवढं बघा. मी म्हटलं, कळवून टाकते एकदाचं सगळ्यांना. तर म्हणाले, नको. आंधळ्याकडे कोण वाचायला पाठवील?

मग एक दिवस मीच त्यांचा हात ओढला. चिडून हो, प्रेमाने बिमाने नाही. रिकामं बसलेलं माणूस मला बघवत नाही. हात ओढला, तळवा उघडला आणि बोटाने काढलं पहिलं अक्षर. घ्या म्हटलं, असं आहे हे. उभी रेघ, डावीकडे पोट, पोटाला खाली फट. मला वाटलं आता ओरडणार. आणि म्हणाले, परत काढ, आणि जिथे शाई दाट असेल तिथे बोट दाब. तेव्हापासून चालू आहे. रोज सकाळी चहा झाला की मी संगणकावर पान मोठं करते, आणि रेघ न् रेघ काढून दाखवते, आणि ते ओळखतात. ओळखतात म्हणजे काय, बघणाऱ्यांना येणार नाही असं ओळखतात. मी नुसतं बोट आहे, डोकं त्यांचंच. आणि हयगय म्हणून नाही. प्रत्येक नावाला, काही झालं तरी, आधी विचारणार — कारकून तोच ना? पानभर? मी म्हणते, तोच. मग पुढे जायचं. इतकं डोळ्यांत तेल घालून काम करतात, आणि तुम्ही सांगताय चुकलं.

तुम्हाला वाटत असेल, ही बाई एवढी का तडतडतेय. सांगते का ते. लग्न झाल्यापासून मी ह्यांची पाठ बघितलीय. सुट्टी असो, सण असो, पाहुणे असोत, टेबलाकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ. मी दिवसभर खिडकीत बसून जगाला गावांची तिकिटं देऊन घरी यायची, आणि हे घरात बसून गावंच शोधताहेत. चहा ठेवायची त्या पाठीमागे आणि जायची. कितीदा मनात आलं, ती पानं बंबात घालावी. आणि आता सकाळी हे खुर्ची माझ्याकडे वळवतात. आणि हात पुढे करतात. कोणी सांगत नाही त्यांना, स्वतःहून. ह्या वयात. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं. आणि मीही कशाला सांगत बसलेय तुम्हाला, ओळख ना पाळख.

आणा तो कागद. आणा इकडे, आता दाखवतेच. नुसता तुकडा कापून पाठवला असणार तुम्ही, लोक तसंच करतात, आणि मग वर तोंड करून — पूर्ण पान आहे? हेच पाठवलं होतं? ठीक आहे. मग बघा. हे बघा वरपासून. ही पहिली ओळ, शब्दाला शेपूट. ही दुसरी, शेपूट. हे इथे तर केवढी, पार खालच्या ओळीत घुसलीय. म्हणजे कोण? शेपटे. आणि हे तुमच्या पणजोबांचं गाव, ह्याला शेवटी काय आहे? शेपूट. शोभेची. ती सोडायची, आणि उरलं ते वाचायचं, आणि उरतं ते नदीकाठचंच गाव, शाळेतलं पोर सांगेल. आता ह्यात चूक कुठे आहे ते तुम्ही — काय? बोट कुठे ठेवताय? हे मधे? काय आहे मधे?

थांबा. चष्मा कुठे ठेवला मी.

इथून खाली नाहीत. ह्या ओळीला नाही. ह्या ओळीला नाही, हिला नाही, हिलाही नाही. नुसती तोडून टाकल्यासारखी अक्षरं, एकमेकांना चिकटलेली. ह्या अख्ख्या खालच्या अर्ध्यात एकाच शब्दाला शेपूट आहे, आणि तो तुमच्या पणजोबांचा. हे शेपटे नाहीत. शेपटे उठले इथे. जेवायला उठले असतील मेले, आणि त्यांच्या जागेवर काटकसरे येऊन बसले. टेबल तेच, वही तीच, पानही तेच. आणि काटकसऱ्यांनी शेपूट काढली म्हणजे ती शेपूटच नव्हे, अक्षर आहे ते. ते सोडायचं नाही. मग ते नदीकाठचं नाही होत. मग ते डोंगरापलीकडचं होतं. तिथे खाण आहे हो. मला ठाऊक आहे, मी तिकिटं दिलीत त्या गावची, तिथली माणसं यायची ना, भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ असायची, आणि सुटे देताना काउंटरवर धुळीची बोटं उमटायची. मी पुसायची आणि कुरकुरायची.

त्यांनी विचारलं होतं. तुमच्याही नावाला विचारलं होतं, कारकून तोच ना म्हणून. आणि मी म्हटलं तोच. गॅस बंद केलास का, केला. दार लावलंस का, लावलं. कारकून तोच ना, तोच. पहिल्या पहिल्यांदा बघायची मी, देवाशपथ, वरपासून खालपर्यंत पान बघून मग सांगायची. पुढे कधी बघणं सुटलं, मला सांगता यायचं नाही. हात हातात असायचा त्यांचा, आणि लक्ष कसलं पानात. मला घाई असायची पहिली रेघ काढायची. चांगलं आहे. साठी उलटली तरी अक्कल नाही आली. आणि त्या शेपट्यांना काय धाड भरली होती, एक पान पुरं करून उठता नव्हतं येत? आणि ह्यांनाही — माझ्यावर एवढा भरवसा कोणी ठेवायला सांगितला होता? आयुष्यभर माझ्या मिठाच्या अंदाजावर भरवसा नाही ठेवला ह्या माणसाने, चमचा घेऊन आधी चाखून बघायचा, आणि इथे मात्र मी म्हणेन ती पूर्व.

काय म्हणालात? राहू दे? नका सांगू त्यांना?

नाही, परत म्हणा. मी समजून घेईन म्हणताय. आईंना काहीतरी सांगेन, तुम्ही सरांना बोलू नका, त्यांचा उत्साह जाईल. वा. मघाशी दार तोडायला आला होतात, आणि आता दया दाखवताय. माझा मुलगाही असाच बोलतो — जाऊ दे, चालू दे, बाबांना काय, वेळ जातोय ना त्यांचा. वेळ घालवायला करत नाहीत ते. लोकांची गावं आहेत ती. तुमची दया तुमच्यापाशी ठेवा, मला राग आलेला परवडला.

आणि खरं सांगू, मला मोह झाला. आत्ता, तुम्ही म्हणालात तेव्हा. कोण बघायला येतंय? उद्या सकाळी चहा झाला की ते खुर्ची वळवतील, आणि मी पुढचं पान घेईन, आणि ह्यापुढे डोळे फाडून बघेन, आणि झालं. आणि सांगितलं तर माहितीय काय होईल? मला एक शब्द बोलणार नाहीत. तेच तर आहे, बोलणार नाहीत. अच्छा म्हणतील, आणि हात मागे घेतील, आणि खिडकीशी जाऊन बसतील. रेडिओ लावू का विचारलं तर लाव म्हणतील.

पण रविवारी त्या बाई निघायच्यात. तुम्हाला नाही माहीत — शाळेत शिकवतात त्या, तुमच्या मागोमागच त्यांचं नाव वाचलं आम्ही, ह्याच वहीतलं. वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना एकदा मूळ गाव दाखवायचंय म्हणून गाडी ठरवलीय, मागची सीट काढून गादी घालणार आहेत. परवाच फोन होता, किती आनंदात होत्या. तेही पान मी बघितलं नव्हतं. ते बरोबर असेलही. नसेलही. आणि त्यांच्या आधीची? किती घरं असतील, मी कुठली कुठली माणसं कुठे कुठे उतरवून दिलीत, कोणाला ठाऊक. ती सगळी पानं परत काढावी लागणार, पहिल्यापासून, आणि ते मला एकटीला येत नाही हो. रेघ दिसते मला, गाव नाही दिसत. ते त्यांनाच दिसतं.

उठले वाटतं. पलंग वाजला. नाही, तुम्ही बसून राहा — नाही, बसू नका, उठा. तो कागद ठेवा इथे, कपड्यांवर ठेवला तरी चालेल. तुमच्या गावाचं नाव त्यांच्या तोंडूनच कळेल तुम्हाला, माझ्या नाही, मी सांगितलं ते धरू नका. पत्ता आहे आमच्याकडे. आणि आईंना सांगा, अजून एकदा निघायचंय, ह्या खेपेला चढ आहे, तर गुडघे सांभाळा म्हणावं. रुमालाचं त्यांचं त्या बघतील, तुम्ही मधे पडू नका.

आले हो, आले. कोणी नाही — आहेत, एक जण आहेत, निघालेत ते. तुम्ही उठू नका, मीच येते आत. नाही, चहा मागाहून. आधी हात द्या. नवीन नाही, जुनंच पान आहे, मागच्या महिन्यातलं. द्या म्हणते ना हात. आज मी विचारते तुम्हाला, कारकून—

तुम्ही अजून इथेच? जा हो. नवराबायकोतलं आहे हे. दार ओढून घ्या.